नांगर न टाकता जहाज जागेवर कसं राहते? डीपी अन् भर समुद्रात तेल भरण्याबद्दल नेहमी येणारे प्रश्न

मी शटल टँकरवर, म्हणजे भर समुद्रात तेल भरून बंदरात नेणाऱ्या जहाजावर, डीपी ऑपरेटर आहे, गाव वैनगंगेच्या काठचं, आरमोरी तालुक्यातलं. सुट्टीत घरी आलो की लग्नात, चौकात, धान कापणीच्या टायमाला बांधावर लोक हेच प्रश्न विचारतात, अन् आता व्हॉट्सअपवर वडसा, ब्रम्हपुरी, उमरेड, पार यवतमाळपर्यंतच्या पोट्ट्यांचे मेसेज येऊन राहिले. प्रत्येकाला वेगळं टाईप करणं होत नाही म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतो. सोपे प्रश्न वर आहेत, अवघड खाली. जे आधीच सांगितलं ते परत नाही लिहिलं, तिथं प्रश्नाचा नंबर देला आहे.

१. भाऊ, डीपी म्हणजे वावरातली डीपी का? तू जहाजावर लाईनमन आहे का?

नाही. आपल्या इकडं डीपी म्हटलं की ट्रान्सफॉर्मर, ऐन पाणी द्यायच्या टायमाला जळणारा. जहाजावरची डीपी म्हणजे डायनॅमिक पोझिशनिंग. नांगर नाही, काठाला दोर नाही, जहाजाचे स्वतःचे पंखे अन् थ्रस्टर (जहाजाला आडवं-तिडवं ढकलणारे पंखे) कमीजास्त फिरवून ते एका जागी, एका दिशेला तोंड करून उभं ठेवायचं. हे काम कंप्युटर करते अन् आम्ही त्या कंप्युटरवर नजर ठेवतो. पूर उतरून राहिला असते तेव्हा आपला ढिवर भाऊ डोंगा मधोमध थांबवून जाळं काढते ते पाहिलं असन तर अर्धी डीपी समजली समजा. बांबू कधी इकडं टेकवते कधी तिकडं, पण डोळा असते काठावरच्या झाडावर, कारण झाड सरकल्यासारखं दिसलं की त्याला कळते डोंगा वाहून राहिला. समुद्रात झाड नसते. आमचा सगळा खटाटोप त्या झाडाच्या जागी काय ठेवायचं याचाच आहे.

२. मग सरळ नांगर काहून नाही टाकत?

पुरत नाही. जहाजाच्या साखळीचा एक शॅकल २७.५ मीटरचा, असे साधारण बारा-चौदा शॅकल एका नांगराला असतात, म्हणजे झाली तीनशे-पावणेचारशे मीटर. ब्राझीलच्या सांतोस बेसिनमध्ये खाली दोन हजार मीटरपेक्षा जास्त पाणी आहे. आणि जिथं पाणी उथळ आहे तिथं तळाला तेलाच्या पाईपलाईनी पसरलेल्या असतात, त्यात नांगर अडकला तर वावराच्या मधून गेलेली मेन पाईपलाईन नांगरानं फोडल्यासारखं होईल.

ही गरजच डीपीचं मूळ आहे. १९६१ मध्ये कस-१ नावाच्या अमेरिकन जहाजानं मेक्सिकोच्या ग्वादालूप बेटाजवळ साडेतीन किलोमीटर खोल पाण्यात समुद्राच्या तळाला भोक पाडलं, तेव्हा चार थ्रस्टर माणसानं हातानं चालवून जहाज जागेवर धरलं होतं. त्याच वर्षी शेलच्या युरेका जहाजावर हे काम मशीनकडं गेलं, त्यामागं हॉवर्ड शॅटो हा इंजिनिअर होता.

३. तेल भरायला समुद्रात उभं राहायची गरजच काय, बंदरात नाही भरत का?

तेल निघते तिथून बंदर कधी दोनशे-तीनशे किलोमीटर दूर असते अन् एवढ्या खोलातून पाईपलाईन टाकणं दरवेळी परवडत नाही. म्हणून विहिरीच्या वर एक मोठं जहाज कायमचं बांधून ठेवतात, त्याला एफपीएसओ म्हणतात. ते तेल काढते, पाणी-गॅस वेगळं करते अन् स्वतःच्या पोटात साठवते. पोट भरत आलं की शटल टँकर येते, तेल घेऊन बंदरात नेते अन् परत येते, जिनिंगसमोर कापसाच्या गाड्यांच्या खेपा चालतात तसं. टँकर वेळेत नाही आलं किंवा जागेवर टिकलं नाही तर एफपीएसओची टाकी फुल्ल होते अन् विहिरी बंद कराव्या लागतात, म्हणून या कामाला घाई चिकटलेली असते. घाईबद्दल पुढं प्रश्न १७ मध्ये आहे.

४. जहाजाला कसं कळते की आपण कुठं आहो? मोबाईलसारखं जीपीएस का?

जीपीएस आहे, पण त्याच्या एकट्याच्या भरवशावर कोणी तेल भरत नाही.

मोबाईलचं जीपीएस पाच-दहा मीटर इकडंतिकडं दाखवते, जहाजावरचं दुरुस्ती सिग्नल घेऊन मीटरच्या आत येते. आपल्या गावठाणाची स्वामित्व योजनेत ड्रोननं मोजणी झाली ना, तिथंही असाच पक्क्या ठिकाणावरच्या स्टेशनवरून दुरुस्ती घेतात, नाहीतर शेजाऱ्याची भिंत आपल्या अंगणात आली असती.

दुसरा साक्षीदार लेझर. आमच्या टँकरवरून लेझर फिरत राहते, एफपीएसओवर चमकणारे रिफ्लेक्टर लावलेले असतात, त्यावरून परत आलेल्या उजेडावरून अंतर अन् दिशा निघते. लय नेमकं, पण धुकं, जोराचा पाऊस, काचेवर मीठ बसलं की आंधळं.

तिसरा रडारसारख्या लहरींचा, समोरच्या जहाजावर एक यंत्र बसवलेलं असते ते ओळख देऊन उत्तर पाठवते, याला पावसाचा त्रास कमी. आर्टेमिस नावाची जुनी सिस्टिम याच घराण्यातली, दोन अँटेना एकमेकांकडं तोंड करून बसतात.

मग आवाजाचा. समुद्राच्या तळाला ट्रान्सपॉन्डर ठेवतात, जहाज वरून आवाज देते, ते खालून ओ देते. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १५०० मीटर जाते, म्हणजे दोन हजार मीटर खाली जाऊन परत यायला पावणेतीन सेकंद लागले, तेवढी माहिती शिळीच येते, शिवाय थ्रस्टरचे बुडबुडे अन् गोंगाट मधात येतो तो वेगळा.

यातलं कोणतंच यंत्र जहाज कुठं आहे हे ‘पाहत’ नाही, प्रत्येकजण आपापली साक्ष देते. कंप्युटर पंचासारखं ऐकून घेते, ज्याची साक्ष थरथरते त्याचं वजन कमी करते, जो फारच वेगळं बोलते त्याला बाहेर काढते.

५. दोन जीपीएस असतात म्हणता, मग अजून तिसरं वेगळं कशाले?

हा प्रश्न पोट्टे सगळ्यात कमी विचारतात अन् माझ्या मते हाच सगळ्यात मोठा आहे. दोन जीपीएस म्हणजे दोन साक्षीदार नाहीत. दोघंही त्याच आभाळाकडं, त्याच उपग्रहांकडं पाहून बोलतात, म्हणजे एकाच घरातले दोन भाऊ एकच ऐकीव गोष्ट सांगून राहिले. समजा दोघं मिळून एकाच वेळी दहा मीटर चुकले अन् लेझर एकटं बरोबर आहे. कंप्युटर बहुमत पाहते, दोन विरुद्ध एक, अन् खरं बोलणाऱ्यालाच बाहेर काढते. म्हणून आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या १९९४ च्या आणि नंतर २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत डीपी-२ अन् डीपी-३ जहाजांवर जागा सांगणारे किमान तीन संदर्भ पाहिजे अन् ते सगळे एकाच तत्त्वावर चालणारे नको असं लिहिलं आहे. नवीन पोट्टा ब्रिजवर (जहाज चालवायच्या खोलीत) आला की मी त्याले पहिले हेच विचारतो, तुझ्या स्क्रीनवरच्या तीन हिरव्या लाईटमधले खरे किती.

६. वारा अन् पाण्याचा ओढा कंप्युटर मोजते कसं?

वारा मोजते, ओढा मोजत नाही. डोलकाठीवर वाऱ्याचे सेन्सर असतात, झुळूक आली की जहाज सरकायच्या आधीच थ्रस्टर जोर लावतात. करंटचं, म्हणजे पाण्याच्या ओढ्याचं, तसं नाही. कंप्युटरजवळ जहाजाचं गणिती मॉडेल असते, एवढा वारा, एवढा थ्रस्टरचा जोर, तर जहाज इथं असायला पाहिजे. प्रत्यक्षात थोडं तिकडं सापडते. हा जो हिशोब जुळत नाही तो सगळा कंप्युटर करंटच्या नावावर टाकते, त्यात लाटा आल्या, होजचा (तेलाच्या जाड नळीचा) ताण आला, वाऱ्याच्या सेन्सरची चूक पण आली. त्यामुळं स्क्रीनवर करंट दोन नॉट (नॉट म्हणजे समुद्रातलं वेगाचं माप) दिसला तर खरंच दोन नॉटच आहे असं नाही.

हे मॉडेल जमायला वेळ लागते, जागेवर येऊन अर्धा तास तरी काही न करता थांबा हा नियम त्यासाठीच. सेन्सरचा आकडा अन् मॉडेलचा अंदाज यांची सांगड घालायचं गणित रुडॉल्फ काल्मननं १९६० मध्ये मांडलं. नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइमच्या येन्स बाल्खेन या प्राध्यापकाच्या लोकांनी ते जहाजावर आणलं अन् १९७७ मध्ये काँग्सबर्ग कंपनीची पहिली अशी सिस्टिम समुद्रात गेली. आज मी ज्या खुर्चीवर बसतो तिची वंशावळ तिथली.

७. तेल भरणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत कसं होते?

दहा-एक मैलांवरूनच चेकलिस्ट सुरू होते. एफपीएसओच्या भोवती ५०० मीटरचा सुरक्षा घेरा असते, त्यात विचारल्याशिवाय पाय ठेवायचा नाही. त्याआधी प्रत्येक थ्रस्टर, प्रत्येक जनरेटर, प्रत्येक सेन्सर तपासायचा, मग टप्प्याटप्प्यानं थांबत थांबत जवळ जायचं, तोंड वाऱ्याकडं, म्हणजे मशीन बंद पडलंच तर वारा आपल्याला एफपीएसओपासून दूर नेईल. नॉर्थ सीमध्ये अंतर ८० मीटरच्या आसपास असते, ब्राझीलमध्ये १५० च्या आसपास. टँकर दोनशे सत्तर मीटर लांब आहे हे लक्षात घ्या, स्वतःच्या लांबीपेक्षा कमी अंतरावर दुसऱ्या तेलानं भरलेल्या जहाजाच्या मागं उभं राहायचं, ते पण जवळपास २४ तास.

मग तिकडून पातळ दोरी येते, तिच्या मागं जाड दोर म्हणजे हॉसर, मग होज. होज आमच्या नाकावरच्या कपलरमध्ये बसते, याला बो लोडिंग म्हणतात. दोन्ही जहाजांमध्ये वायरलेस सिग्नल जोडलेला असते, त्याला ग्रीन लाईन म्हणतात. व्हॉल्व उघडा, कपलर लॉक, सगळं ठीक, असं दोन्हीकडून आल्याशिवाय पंप चालूच होत नाही अन् मधात सिग्नल तुटला तर पंप आपोआप बंद. मोठं शटल टँकर दहा लाख बॅरलच्या आसपास घेते, एक बॅरल म्हणजे १५९ लिटर.

८. हॉसर बांधलेला असते ना, मग डीपी कशाले?

दोर ओढल्यावर आवरते, ढकलल्यावर नाही. जहाज मागं गेलं तर दोर धरेल, पुढं गेलं तर दोर ढिला पडेल अन् टक्कर. तसंही डीपीवर असताना दोर सैल ठेवतात, जहाज त्यावर टांगलेलं नसते.

९. एफपीएसओ स्वतःच हलते, मग तुमची जागा कोणती?

अगदी बरोबर पकडलं. टरेटवाली, म्हणजे एकाच फिरत्या खुंट्याला बांधलेली, एफपीएसओ त्या खुंट्याभोवती वाऱ्यासोबत फिरते, छपरावरचा वारा दाखवणारा कोंबडा फिरते तसं, अन् शेपूट डावी-उजवी झोकत राहते, त्याला फिशटेलिंग म्हणतात. पुढंमागं पण होते. आम्हाला पृथ्वीवरच्या जागेशी घेणंदेणं नाही, तिच्या शेपटीपासूनच्या अंतराशी आहे. म्हणून सापेक्ष सिस्टिम लागतात, प्रश्न ४ मधले लेझर अन् रडारवाले तर आहेतच, शिवाय डार्प्स, ज्यात एफपीएसओवरचं जीपीएस आपलं मोजमाप रेडिओनं आमच्याकडं पाठवते अन् आमचं यंत्र दोघांचा फरक काढते. आभाळातली चूक दोघांना सारखीच असल्यानं वजाबाकीत बरीचशी उडून जाते.

पण तिच्या प्रत्येक डुलण्यामागं धावलो तर थ्रस्टर तापतील अन् डिझेल जाळून काही हाती लागणार नाही. म्हणून एक वर्तुळ आखून देतात, ती त्याच्या आत हलली तर आम्ही हलत नाही, बाहेर गेली की सरकतो. बैलजोडीसारखं आहे, एक बैल थोडा मान हलवते म्हणून दुसरा जागा सोडत नाही.

काही एफपीएसओ, ब्राझीलमध्ये बऱ्याच, चारही बाजूनं बांधलेल्या असतात, त्या फिरतच नाहीत. तिथं वारा कसा आहे त्यावरून तिच्या नाकाकडून भरायचं का शेपटीकडून हे ठरते, अन् वारा फिरला तर मधातच सोडून दुसऱ्या टोकाला जावं लागते.

१०. डीपी-१, डीपी-२, डीपी-३ म्हणजे पहिली, दुसरी, तिसरी पिढी का?

पिढी नाही, बिघाड किती सहन होते त्याचा वर्ग आहे. डीपी-१ मध्ये एक वस्तू बिघडली की जागा जाऊ शकते. डीपी-२ मध्ये कोणतंही एक यंत्र, एक जनरेटर, एक थ्रस्टर, एक स्विचबोर्ड गेला तरी जागा नाही सुटली पाहिजे. डीपी-३ मध्ये एक अख्खी खोली आगीत किंवा पाण्यात गेली तरी. शटल टँकर साधारण डीपी-२ असतात. गावात एकच ट्रान्सफॉर्मर जळला की पिठाची चक्की, नळयोजना, शाळा सगळं एकदम बंद, कारण सगळे त्याच एकावर. जहाज बनवतानाच ते वेगवेगळं वाटून टाकतात. शिवाय कंप्युटर सतत हिशोब करते की आत्ता एक मोठा बिघाड झाला तर उरलेला जोर या वाऱ्याला पुरेल का, नाही पुरत म्हटलं की काही बिघडलं नसतानाच अलार्म देते.

११. ड्राइव्ह-ऑफ अन् ड्रिफ्ट-ऑफ यात फरक काय?

ड्रिफ्ट-ऑफ म्हणजे जोर गेला, जहाज वाऱ्यानं वाहत चाललं. आम्ही उभेच असे राहतो की वाहणं दूर जाईल (प्रश्न ७). ड्राइव्ह-ऑफ उलटं, जोर पूर्ण आहे पण कंप्युटरला खोटी जागा कळली, त्याला वाटते आपण मागं आहो, म्हणून ते जहाजाला पूर्ण ताकदीनं पुढं चालवते, एफपीएसओच्या अंगावर. मी याले जास्त भितो. दोन नॉट म्हणजे सेकंदाला साधारण एक मीटर. ८० मीटरला ८० सेकंद. त्यात आधी ओळखायचं की हे खरं आहे, मग मॅन्युअलला घ्यायचं, मग दीड लाख टनाचं धूड थांबायला जो वेळ घेईल तो घेईल. म्हणून स्क्रीनपेक्षा खिडकीतून समोरच्या जहाजाकडं पाहायची सवय पाहिजे.

१२. मधातच सोडायची वेळ आली तर तेल समुद्रात नाही सांडत का?

दोन बटणं आहेत. पहिलं, ईएसडी-१: पंप बंद, व्हॉल्व बंद, जोडलेलं तसंच राहते. दुसरं, ईएसडी-२: ते सगळं होऊन होज सुटते अन् हॉसरही सुटते. क्रम महत्त्वाचा, आधी व्हॉल्व बंद होतात मगच कपलर उघडते, त्यामुळं सांडण्यासारखं फार उरत नाही. व्हॉल्व एकदम फाडकन बंद का नाही करत असंही विचारतात. वावरातल्या मोटारीचा व्हॉल्व एका झटक्यात बंद करून पाहा, पाण्याच्या दणक्यानं पीव्हीसीचा सांधा निघते. इथं तासाला हजारो घनमीटर तेल धावत असते.

१३. मुंबई हायला जो मोठा अपघात झाला तो याच्यानंच झाला का?

२७ जुलै २००५, मुंबईच्या महापुराच्या दुसऱ्या दिवशी. तेल भरणं चालू नव्हतं, पण जहाज जागेवर धरण्याचाच प्रश्न होता. समुद्र सुरक्षा या जहाजावरच्या स्वयंपाक्याच्या बोटांना इजा झाली होती, हवामानामुळं हेलिकॉप्टर येत नव्हतं, म्हणून त्याला तेल काढायच्या प्लॅटफॉर्मवर क्रेननं चढवायला जहाज जवळ गेलं, ते पण वाऱ्याच्या बाजूनं, म्हणजे वारा जहाजाला प्लॅटफॉर्मकडंच ढकलेल असं, अन् त्याच्या एका थ्रस्टरचा ताबा नीट नव्हता. लाटेनं उचललं अन् जहाजाचा हेलिडेक (हेलिकॉप्टर उतरायची जागा) प्लॅटफॉर्मच्या गॅस रायझरवर, म्हणजे तळातून वर येणाऱ्या गॅसच्या पाईपवर, आदळला. मुंबई हाय नॉर्थ प्लॅटफॉर्म साधारण दोन तासांत जळून कोसळला, २२ माणसं गेली, ३६२ वाचवली. जहाज पण नंतर बुडालं. एका जखमी माणसाला मदत करायला निघालेली माणसं होती ती, मला दरवेळी वाचताना त्रास होते. पण ‘वाऱ्याच्या बाजूनं जायचं नाही’ अन् ‘थ्रस्टर संशयास्पद असेल तर ५०० मीटरच्या आत जायचं नाही’ हे दोन नियम कोणी नवीन पोट्ट्यानं विचारले तर मी हीच तारीख सांगतो.

१४. आपल्या भारतात असं तेल भरतात का?

मुंबई हायचं तेल मुख्यतः पाईपलाईननं उरणला येते. गुजरातमध्ये वाडिनारला मोठे टँकर समुद्रातल्या एका बोयाला (तरंगत्या खुंट्याला) नाक बांधून तेल उतरवतात, त्यांना डीपी नसते, टगबोट मागून धरते. पूर्व किनाऱ्यावर कृष्णा-गोदावरीच्या खोल पाण्यात ओएनजीसीनं जानेवारी २०२४ मध्ये एफपीएसओवरून तेल सुरू केलं. आपली वैनगंगा प्राणहितेतून गोदावरीला मिळते अन् तिथंच समुद्रात जाते, म्हणून मला त्या जागेचं जरा जास्तच अप्रूप आहे.

१५. बारावी झाली, मले डीपी ऑपरेटर व्हायचं आहे, एजंट चार लाख मागून राहिला, देऊ का?

नको देऊ. आधी रस्ता समज. थेट डीपीमध्ये कोणी शिरत नाही, पहिले डेक ऑफिसर व्हावं लागते. बारावीला फिजिक्स-केमिस्ट्री-गणितात ६० टक्के, इंग्रजीत ५०, डोळे चांगले, रंग ओळखता आले पाहिजे, मग आयएमयू-सीईटी ही प्रवेश परीक्षा देऊन बीएस्सी नॉटिकल सायन्स किंवा डीएनएस (त्याचाच डिप्लोमा). जहाजावर कॅडेट, परीक्षा, सर्टिफिकेट. त्यानंतर लंडनच्या नॉटिकल इन्स्टिट्यूटची डीपी स्कीम, म्हणजे इंडक्शन कोर्स, डीपी जहाजावरचे दिवस, सिम्युलेटर कोर्स, परत दिवस, अन् लॉगबुकवर कॅप्टनची सही. इलेक्ट्रिकल झालेल्यांना ईटीओचा, म्हणजे जहाजावरच्या इलेक्ट्रिकल ऑफिसरचा, रस्ता आहे, डीपीची वायरिंग अन् सेन्सर तेच सांभाळतात.

नोकरी लावून देणाऱ्या कंपनीकडं डीजी शिपिंग या सरकारी खात्याचं आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचं, लायसन पाहिजे, ते सरकारी वेबसाईटवर तपासता येते. अन् नोकरी लावून द्यायचे पैसे खलाशाकडून घ्यायला नियमानंच मनाई आहे. माझ्या ओळखीच्या एका घरानं दोन एकर वावर गहाण टाकून एकाला पैसे देले, पोरगा मुंबईत तीन महिने लॉजवर बसून परत आला. फीस कॉलेजला द्या, पावती घ्या, एजंटले नाही.

१६. सगळे सेन्सर चालू, सगळं हिरवं, तरी चूक होऊ शकते का?

होते, अन् हे पुस्तकापेक्षा ब्रिजवरच शिकायला मिळते.

लेझरला चमकणारी वस्तू पाहिजे, रिफ्लेक्टरच पाहिजे असं नाही. एफपीएसओच्या डेकवर कामगार चालला, त्याच्या बॉयलरसूटवर चमकणारी पट्टी आहे, लेझर त्यालाच रिफ्लेक्टर समजून त्याच्या मागं जाऊ शकते. कंप्युटरला वाटते जहाज सरकलं, पण सरकला तो माणूस.

हेलिकॉप्टर उतरते तेव्हा त्याच्या पंख्याचा वारा डोलकाठीवरच्या सेन्सरवर येते, कंप्युटरला वाटते वादळ आलं अन् ते भलत्याच दिशेला जोर लावते. म्हणून हेलिकॉप्टर यायच्या आधी तो सेन्सर हिशोबातून काढतो.

तेल भरता भरता टँकर कित्येक मीटर खाली बसते. रिकामं असताना वारा जास्त लागते, भरल्यावर करंट. ड्राफ्टचा, म्हणजे जहाज पाण्यात किती खोल बसलं त्याचा, आकडा कंप्युटरला नवा नाही देला तर ते रिकाम्या जहाजाच्या मॉडेलवर भरलेलं जहाज चालवत राहते.

१७. सूर्यावरच्या वादळानं जीपीएस बिघडते हे खरं आहे का?

खरं आहे, अन् ब्राझीलला सगळ्यात जास्त जाणवते. वरच्या हवेत आयनोस्फिअर नावाचा थर आहे, चुंबकीय विषुववृत्ताच्या पट्ट्यात सूर्य मावळल्यावर त्यात खळबळ होते अन् उपग्रहाचा सिग्नल लुकलुकते, तारे लुकलुकतात तसाच. सूर्याचं चक्र साधारण ११ वर्षांचं, त्याच्या भरात हे वाढते, २०२४ हे असंच भराचं वर्ष होतं.

एका रात्री आम्ही भरून राहिलो होतो, तेलाचा अर्धा पल्ला झाला होता. सातच्या सुमारास एका जीपीएसचे उपग्रह कमी झाले, पाठोपाठ दुसऱ्याचे, मग डार्प्स पण डळमळलं कारण तेही त्याच आभाळावर जगते. लेझर अन् रडारवालं ठीक होतं, जहाज जागेवर होतं, स्क्रीनवर कुठंच लाल नव्हतं. पण माझ्या हिशोबानं साक्षीदार दोनच उरले होते अन् पावसाचा पट्टा मैलभरावर दिसून राहिला होता, पाऊस आला की लेझर जाणार (प्रश्न ४). कॅप्टनले फोन केला, तो वर आला, त्यानं खिडकीतून पाऊस पाहिला अन् पंप थांबवायला सांगितलं. व्हॉल्व बंद केले, होज धुऊन सोडली, हॉसर सोडला, मागं सरकून पाचशे मीटरच्या बाहेर गेलो. तिकडून रेडिओवर विचारणा झाली की सगळं हिरवं असताना काहून सोडलं, टाकी भरत आली आहे. कॅप्टननं कारण सांगितलं, वेळ लिहिली. पाऊस पंधरा मिनिटांनी आला, लेझर गेलं. रात्री साडेदहाला जीपीएस सावरले, आम्ही परत चेकलिस्ट पहिल्या पानापासून सुरू केली.